सहाव्या रांगेतल्या सरळ रेघा

प्रिय मोजपट्टी,

उद्या सकाळी तू पर्समध्ये राजीनामा घालून ऑफिसला निघशील, त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच चहा करायला उठू नकोस. गेल्या तीन दिवसांत मी तुला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा स्वेटर, बॅगेचं वजन आणि इथल्या कपाटाची लांबी-रुंदी यावर बोलून ठेवून दिला. कपाटाची मापं तुला तोंडपाठ झाली असतील. जे सांगायचं होतं ते काही तोंडातून बाहेर पडेना.

आज रविवार. इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची खोली आहे, तिथल्या बाकावर बसून फोनवरच लिहितेय. यंत्र थडथडतंय. इथे यायला निघाले तेव्हा काय तोरा होता माझा, आठवतं? विमानतळावर आई डोळे पुसत होती आणि मी तिलाच ऐकवत होते की अगं, नट-बोल्ट तपासायला चाललेय, लढाईवर नाही. पहिले काही आठवडे तसंच वाटलंही. स्वतःचं हेल्मेट, त्यावर स्वतःचं नाव, सगळे मॅडम म्हणणार. तुला पाठवलेल्या प्रत्येक फोटोत मी बत्तिशी दाखवतेय.

काम तुला वरवर माहीत आहे, पण आज नीट सांगते. भलंमोठं गोदाम आहे. छताजवळून लोखंडी सांगाड्यावर एक पट्टा फिरतो, त्यावरून खोकी जातात, आणि खाली चाळीसेक बायका-माणसं टेबलांशी उभी राहून पॅकिंग करतात. सांगाडा बोल्टांवर तोललेला. फिटरने पान्याने नट आवळायचा आणि मग नटावरून खालच्या पोलादापर्यंत पिवळ्या पेनाने एक रेघ ओढायची, म्हणजे हा आवळून झाला. पुढे नट सैल पडून फिरला तर रेघ तुटलेली दिसते. दहातला एक बोल्ट मी स्वतः पान्याने तपासायचा, बाकीच्यांच्या रेघा बघायच्या आणि सही करायची.

सहाव्या रांगेच्या दिवशी मी एकही तपासला नाही. वर चढायची शिडीगाडी संध्याकाळी परत द्यायची होती, फिटरांचा मुकादम सारखा घड्याळ बघत होता, आणि परक्या मुलखात पहिल्याच महिन्यात कटकटी बाई म्हणून नाव पडायला नको, असं मला वाटलं. दोनशे आठ रेघा, एकजात सरळ. सही तर केलीच, वर शहाणपणाने मुकादमाला म्हणाले, हात छान आहे हो तुमच्या माणसांचा.

बारा दिवसांपूर्वी फिटरांच्या त्याच टोळीला दुसरीकडे काम करताना पाहिलं. दोन टोळ्यांत पेन एकच. म्हणून सकाळी पेन हातात आला की ही माणसं आधी सगळ्या नटांवर रेघा ओढून घेतात आणि आवळतात नंतर. आवळताना नट फिरतो, रेघ तुटते, मग तिच्या शेजारी नवी ओढतात. तू एव्हाना ओळखलं असशील. मी धावत जाऊन खालून फोनचा कॅमेरा झूम करून सगळ्या रांगा पाहिल्या. बाकी रांगांत प्रत्येक नटावर एक तुटकी रेघ आणि शेजारी एक सरळ. सहाव्या रांगेत एकेकच, आणि सरळ. ज्या सरळ रेघांवर मी खूश झाले होते, त्या नट हाताने फिरवून, न आवळताच सोडल्याच्या खुणा होत्या.

आणि मी गप्प बसले. आज सांगू, उद्या सांगू. पट्टा रोज फिरतोय, रोज हादरतोय, आणि मी सहाव्या रांगेखालून जायचं टाळून लांबच्या दाराने आत शिरतेय. स्वतःचा जीव तेवढा जपला बघ. शुक्रवारी त्या रांगेखालच्या पॅकिंगवाल्या मावशींनी हसत हसत माझ्या हातावर एक वॉशर ठेवला. म्हणाल्या, वरून पडला, तुमचाच असेल. मी थँक्यू म्हणाले. एवढंच म्हणाले मी. त्या परत जाऊन त्याच टेबलाशी उभ्या राहिल्या.

आता खरं ते. दुसऱ्या तपासनीसाच्या जागेसाठी तुझं नाव मी सुचवलं ते मैत्रीखातर नाही. रेघांचं कळलं त्याच दुपारी मुख्य इंजिनिअरनी विचारलं, कुणी काटेकोर माणूस माहीत आहे का, आणि मी पटकन तुझं नाव सांगितलं. तू दोनदा मोजल्याशिवाय काही मानत नाहीस. तू येशील, सहावी रांग तुझ्याच पान्याला सापडेल, नव्या तपासणीत निघालं म्हणून निभावून जाईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. तुझ्या खांद्यावर बंदूक ठेवली मी, आणि तू मला गेले तीन दिवस थँक्यू म्हणतेयस. उद्या पट्टा नऊला सुरू होतो. मी सातला मुख्य इंजिनिअरच्या दारात असेन. मग माझी नोकरी राहणार नाही, आणि माझ्या शब्दावर मिळालेली तुझीही बहुधा नाही, म्हणून तो राजीनामा देऊ नकोस. पण माझा मलाच भरवसा नाही, बारा दिवस पाहिलंय मी स्वतःला. तुझ्या नेमणुकीच्या पत्रावर त्यांचा फोन नंबर आहे. इथल्या आठपर्यंत माझा निरोप आला नाही, तर तूच त्यांना फोन कर. सहावी रांग, दोनशे आठ बोल्ट, सही माझी. माझी भीड ठेवू नकोस.

तुझीच,
रूममेट