बंद पाकिटातला अभिप्राय

१४ जुलै, सोमवार

चि. टिटवीस,

मावशीचे आशीर्वाद. ते ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे, हे पत्र वाचून झाल्यावर ठरव.

मी बरी आहे. डावा गुडघा संपावर गेलाय, उजवा अजून कामावर येतो. खालच्या शिंप्याने माझ्या खिडकीसमोर नवी पाटी लावून माझा सगळा उजेड खाल्ला. मी जाऊन भांडले. पाटी तिथेच आहे. तुझ्या आईचा खोकला गेला का? तिला म्हणावं, बाटली कपाटात ठेवून खोकला जात नाही, औषध पोटात जावं लागतं.

परवा तू फोन केलास आणि मी "दारावर कोणीतरी आलंय" म्हणून ठेवून दिला. दारावर कोणी नव्हतं.

तू विचारत होतीस, "इतके मार्क असून नर्सिंगच्या यादीत माझं नाव नाही, प्रतीक्षायादीत आहे. मुलाखतीत मी काही चुकीचं बोलले का गं?"

बोललीस की! समोर तीन जणी पेन उघडून बसल्यात, विचारतायत, "नर्सिंगच का?" तुझ्या आधीची मुलगी म्हणे आजीच्या आजारपणाचं सांगून रडली. नंतरचीला मानवजातीची सेवा करायची होती. आणि मधे तू सरळ सांगून मोकळी: "पदवी मिळाली की लगेच नोकरी लागते आणि पगार चांगला असतो." अगं, खरं बोलायलाही काही वेळकाळ असतो! पेशंट म्हणजे काय बँकेची खिडकी आहे, पहिल्या तारखेला हात पुढे करायला?

हे वाक्य मी त्याच कॉलेजात शिकवताना बावीस वर्षं वर्गात फेकत आले. मुली माना खाली घालायच्या. तूच एक निघालीस, मान वर ठेवणारी.

महिन्यापूर्वीचा तो रविवार आठव. तुझ्या आईने जेवायला बोलावलं होतं. मी तुला हेच ऐकवलं, तर तू पाणी वाढता वाढता म्हणालीस, "मावशी, तू काय फुकट राबलीस का? आई सांगते, पगाराच्या दिवशी रांगेत पहिली तूच असायचीस." तुझे वडील घास घशात अडकेपर्यंत हसले. तुझ्या आईने "जिभेला काही हाड?" असं तुला विचारलं, पण हसत हसत. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. तू नंतर समजूत घालायला आलीस. म्हणालीस, "मला दार असलेली खोली हवी आहे, मावशी. मी दहावीपासून जिन्यात बसून अभ्यास केलाय. लोक माझ्या वह्यांवरून चढतात-उतरतात." मी ऐकलं नाही. मी रुसले होते. या वयात रुसवा चांगला दिसत नाही, म्हणून मी त्याला तत्त्व म्हणते.

त्या दिवशी तू तो फॉर्म माझ्याकडे ठेवून गेलीस. या पेशातल्या एका ओळखीच्या व्यक्तीने उमेदवाराबद्दल अभिप्राय लिहायचा, पाकीट बंद करायचं आणि परस्पर कॉलेजला पाठवायचं, अशी तिथली पद्धत. तू म्हणालीस, "तू तर तिथे शिकवलंस. तुझ्यापेक्षा मोठं माणूस कुठून आणू?"

मी लिहिलं: "मुलगी हुशार आहे. ती केवळ पगारासाठी येत आहे. सेवाभाव दिसला नाही."

पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकलं. झालं. तुला हे लिहून टाकलं एकदाचं. परवापासून पेन उचलत होते आणि शिंप्याशी भांडायला जात होते.

कॉन्व्हेंटात नन आम्हाला बजावायच्या, कागदावर खोटं लिहू नका. त्या तीन वाक्यांत एकही शब्द खोटा नाही. माझी लबाडी आहे ती हीच.

आता दुसरं, याहून जुनं. तू लहानपणी चारदा तरी ऐकलेली ती ऑपरेशन थिएटरची गोष्ट. पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला गॉझचे तुकडे आत जातात. शिवण्याआधी दोन नर्सनी बाहेर काढलेले तुकडे वेगवेगळे मोजायचे, मोठ्याने आकडा सांगायचा, आकडे जुळले तरच टाका घालायचा. त्या दिवशी वीस आत गेले होते. एक नर्स म्हणाली वीस, दुसरी म्हणाली एकोणीस. आमचे मोठे डॉक्टर ओरडले, तरी दुसरी हटली नाही. शेवटी विसावा तुकडा पेशंटच्या पोटातच सापडला. ही गोष्ट सांगून मी किती मुली घडवल्या! कॉलेजात दरवर्षी माझ्या नावाने सेवाभावाचं बक्षीस देतात, तेही हिच्याच जोरावर.

टिटवे, एकोणीस म्हणणारी मी नव्हते. मी वीस म्हणणारी.

मोठे डॉक्टर माझं दैवत होते. पाच तास उभे होते, चिडले होते, "झाले का पूर्ण?" म्हणाले, आणि मी अर्धेच मोजून "पूर्ण" म्हणून टाकलं. त्यांना थांबवायचं कसं? मला पेशंट दिसतच नव्हता, डॉक्टर दिसत होते. सेवाभावाने माझे डोळे नुसते भरून आले होते.

एकोणीस म्हणणारीला आम्ही पगारबाई म्हणायचो. ड्युटी संपायला पाच मिनिटं असताना ती चपला बदलायची. जादा एक मिनिट थांबायची नाही. "तुला या कामाची आवड नाही," असं मी तिला एकदा सुनावलं, तर म्हणाली, "आवड घरी ठेवून येते. इथे हरवली तर?" त्या दिवशी डॉक्टर तिच्या अंगावर धावून गेले. "ही सिस्टर पूर्ण म्हणतेय ना!" ती म्हणाली, "म्हणू दे, सर. मला मोजायचा पगार मिळतो. एकोणीस आहेत."

तुकडा सापडल्यावर तिने माझी तक्रार केली नाही. हात धुताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी बोट लावून मोज." पुढे ती दुसरीकडे गेली. मी शिकवायला लागले, आणि पहिल्याच वर्षी गोष्ट सांगताना माझ्या तोंडून "मी म्हणाले, एकोणीस" असं निघून गेलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग ते तसंच राहिलं.

आज सकाळी कॉलेजात गेले होते. प्रिन्सिपल माझीच विद्यार्थिनी, शेवटच्या बाकावर जांभया द्यायची.

"बाई, तुमच्या शब्दावरच तिला मागे ठेवलं," ती म्हणाली. "मुलाखतीत तिने स्वतःच तेच सांगितलं, मग शंकाच उरली नाही."

"ते पत्र मला परत दे."

"फाइलला लागलंय, बाई. फार तर नवीन द्या. पण पहिलं का बदललं, ते त्यात लिहावं लागेल."

"कागद दे. पेन माझं आहे."

तिच्यासमोर बसून सगळं लिहिलं. पगारबाई, वीस, एकोणीस, आणि रविवारचा माझा रुसवासुद्धा. तिने दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"बाई, ही गोष्ट आम्ही पहिल्या वर्षाला अजून सांगतो."

"आता खरी सांगा."

"आणि बक्षीस?"

"मोजणारीच्या नावाने द्या. तिचं पूर्ण नाव खाली लिहिलंय."

तिने प्रवेशाची यादी पुढे ओढली. मग म्हणाली, "दोन मुली सोडून गेल्यात. गुरुवारी अकराला पुन्हा मुलाखती आहेत, तिला बोलावते. पण शब्द देत नाही हं, बाई." मी म्हटलं, देऊ नकोस. माझ्या शब्दाने एकदा काय केलं ते बघतोच आहोत.

तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखव. ती चिडेल, तिला चिडू दे. मधे पडून माझी बाजू घेऊ नकोस.

गुरुवारी त्या तुला पुन्हा तोच प्रश्न विचारतील. आता मी "काहीतरी गोड बोल" म्हणून सांगेन, असं तुला वाटेल. नाही. उत्तर बदलू नकोस. पगार म्हण, खोली म्हण, दार म्हण. त्यांनी भुवया उंचावल्या तर उंचावू देत. फक्त त्यापुढे एवढं सांग, की ज्याचा पगार घेईन ते काम पुरं करीन. तू करशील. जिन्यात माणसं अंगावरून जात असताना तू एकही गणित अर्धं सोडलेलं नाहीस. हे मी पाहिलं होतं आणि अभिप्रायात लिहिलं नव्हतं. आजच्या पत्रात लिहिलंय.

मी साडेदहापासून कॉलेजच्या बाहेर उभी असेन. बोलावंसं वाटलं नाही तर सरळ आत जा. मी हाक मारणार नाही.

तुझ्या आईची थोरली बहीण,
आणि तू म्हणशील तर तुझी मावशी