आमसुलं आणू नका

वाघोली, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

बाबुराव भावजी,
जयभीम. घरात सगळी बरी असतील.

पदक हरवलेलं नाही, आधीच सांगते. विकलेलंही नाही. चेतननं बंगळूरला नेलं. तुम्ही विचारलं नाहीत, पण दरवर्षीसारखे वीस तारखेला आल्या आल्या चपला काढायच्या आत "वहिनी, आणा ते इकडं" म्हणून हात पुढं कराल, म्हणून कळवते. यंदा आमसुलं आणू नका. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि सुनेनं तुम्हाला ओरडून सांगावं तर सगळ्या हर्णैला ऐकू जातं.

मागच्या महिन्यात चेतन आला होता. "आई, बाबांचं शौर्यपदक डाळीच्या डब्यात?" म्हटलं, मग कुठं ठेवू, डोक्यावर? आता तिकडं काचेच्या चौकटीत घालून त्याच्या हॉलमध्ये टांगलंय. वर दिवा लावलाय. काळं आहे तसंच. घासायचं नाही म्हणे, जुनेपणा जातो. म्हटलं, अरे, बाबुरावकाका दरवर्षी येऊन मूठभर आमसुलं भिजवतात आणि त्यानं पदक घासत बसतात. तर हसला.

त्याला काय माहीत? ह्यांनी कधी कुणाला सांगितलंच नाही. पेपरात आलं तेवढंच. भर वादळात खलाशी धोंडिबानं जहाजावरची जीवरक्षक होडी उतरवली, बुडत्या ट्रॉलरवरची सहा माणसं वाचवली. तुमचा धाकटा भाऊ दशरथ त्या सहांत नव्हता, म्हणून पेपरातही नव्हता. पदक मिळालं त्या दिवशी हे जेवले नाहीत. "जया, पोराचा हात माझ्या हातात होता गं." एवढंच बोलले. पदक डाळीत गेलं.

तुम्ही पहिल्यांदा दारात उभे राहिलात तेव्हा मला वाटलं, भावाचा जाब विचारायला आलात. तुम्ही पदक मागितलंत, मोरीपाशी बसलात आणि घासायला लागलात. हे शेजारी जाऊन बसले. मी आपली चहा टाकत राहिले.

हे गेल्यावरही तुम्ही येत राहिलात. आता पदक नाही, तर येण्याचं कारण उरलं नाही. ह्या वयात घाटातनं एसटीत हाडं खिळखिळी कशाला करायची? माझं ठीक चाललंय. शेजारी कॉम्प्युटरवाली पोरं, दार बंद. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. चेतनचा रविवारी फोन असतो. कुणाशी बोलायलाच पाहिजे असं काही नाही.

एक मात्र. स्वारगेटवरनं येणारी बस आता आमच्या दारात थांबत नाही, रस्ता खणलाय. अलीकडच्या थांब्यावर, शाळेपाशी उतरावं लागतं. तिथनं सरळ. हे आपलं माहितीसाठी.

सुके बोंबील आणून ठेवलेत. मलाही लागतात. पितळेची परात काळी पडलीय, चेतन पदक घेऊन गेल्यापासून घासली नाही. हात दुखतात म्हणून नाही. नाही घासली, बस्स.

या म्हणून मी सांगणार नाही. येऊ नका म्हणूनही नाही. ह्यापुढं एक अक्षर लिहायची नाही.

जया