विहिरीतला ‘बे’

३ फेब्रुवारी १९९६, चौसाळा
मुंबईहून सेन्सॉर बोर्डाचं पाकीट आलं. प्रमाणपत्र नाही, पत्र. विहीर खोदणाऱ्या दोन भावांवरची माझी चौतीस मिनिटांची फिल्म त्यांनी ‘फक्त प्रौढांसाठी’ ठरवली. कारण एकच: ‘बे’ हे असभ्य संबोधन वारंवार येते. ते काढल्यास सर्वांसाठी. न काढता फेरतपासणी हवी असल्यास फी पुन्हा. पूर्ण.
तीनदा वाचलं. मग तासाला गेलो. काय शिकवलं, आठवत नाही.

५ फेब्रु.
एसटीडी बूथवरून बोर्डाला फोन. तिकडचे गृहस्थ सभ्य.
“सर, एक शब्द तर आहे.”
म्हटलं, फी तुम्ही मिनिटांवर लावता. शब्द काढले की लांबी घटेल. तेवढी फी परत देणार?
हसले. “तुम्ही मराठीचे प्राध्यापक ना?”
हो. म्हणूनच.

९ फेब्रु.
बाबूराव, व्हिडिओ हॉलचे मालक. चैत्रातल्या जत्रेला फिल्म त्यांच्याकडे लागायची आहे.
“प्रौढांसाठी? मग लेकरं कशी येतील, सर? अन् पोलीस माझ्याच दारात.”
गच्चीवर त्यांची डिशची छत्री. खाली टीव्हीवर कुठल्याशा देशातल्या बाया समुद्रातून बाहेर येत होत्या. गल्लीतली पोरं मांडी घालून बघत होती.
“याचा कागद कुठाय?”
“ते वरून येतंय, सर. त्याला कोन इचारतंय.”

१८ फेब्रु., औ.बाद
संकलक म्हणाला, बीप मारू, पाच मिनिटांचं काम. एका ठिकाणी मारून दाखवलं. दरड घसरते, धूळ. थोरला भाऊ वाकून ओरडतो: “लिंब्या, हाय का” टूं. खालून उत्तर: टूं.
नको म्हणालो. चहा न घेता निघालो.

२५ फेब्रु.
विहिरीवर. धाकटा लिंबाजी तळाशी, थोरला नामदेव काठावर, घमेलं वर ओढायच्या यारीवर. मुरमाचं घमेलं वर आलं की नामदेवची हाक: “बे?” खालून: “बे.” मग दुसरं घमेलं. बापाने लावलेली सवय. आवाज आला म्हणजे माणूस आहे.
लिंबाजी जेवायला वर आला तेव्हा पत्र वाचून दाखवलं.
“काढला तर मग मी खाली मेलो म्हनायचं का, सर?”
नामदेव: “काढा, सर. मेला तर माझी यारी वढायची सुटली.”
“तुला न्हाई सोडत बे मी.”
दोघं हसले. मला जमलं नाही. लिंबाजीची नात नऊ वर्षांची आहे. आजाला पडद्यावर बघायचं म्हणून दिवस मोजते आहे. तिला दारात अडवतील. आजाच्या बोलण्यापासून तिचं रक्षण.

२ मार्च
फेरतपासणीच्या फीचा नवा डी.डी. काढला. घरी सुधा म्हणाली, “कापला असता शब्द तर या महिन्यात ओढाताण नसती.” भाजी निवडून झाल्यावर: “कापू नका पण.”
अर्जात रकाना: आक्षेपार्ह शब्दाचे स्पष्टीकरण. दख्खनी, व्युत्पत्ती, बोलीचा इतिहास. चार मसुदे फाडले. शेवटी दोन ओळी:
बे? = जिवंत आहेस का?
बे. = आहे.
सहीखाली: नकार आल्यास फी तिसऱ्यांदा भरीन. शब्द हाच राहील.

१९ मार्च
टपाल नाही. बाबूराव विचारतात, पोस्टर लावू? लावा.
“अन् कागद?”
लावा म्हणालो ना. कागद नाही आला तर विहिरीच्या काठावर पडदा बांधीन. अटक करायला मात्र प्रौढांनीच यावं.

३० मार्च
जत्रा चार दिवसांवर. टपाल नाही.
संध्याकाळी विहिरीवर. तळाला ओल दिसते आहे, पाणी नाही. वाकून पाहिलं. दोन वर्षं मला ‘सर’ म्हणणारा लिंबाजी खालून ओरडला,
“काय बे, आला का कागद?”
नामदेव दचकला. “आरं, सर हायत ते!”
मी यारीचा खांब धरला.
“न्हाई बे.”
खाली पहार पुन्हा सुरू झाली.