आतून लावलेली कडी

४ जानेवारी

प्रिय ताईस,
चिऊचा सा. न. वि. वि.

विनंती एवढीच, की जिवंत असलीस तर कळव. दोन महिन्यांत एक ओळ नाही. तिकडे अख्ख्या शहराच्या चष्म्यांची भिंगं तूच घासतेस, ठाऊक आहे मला. पण बहिणीला पत्र लिहायला कुठल्या नंबरचा चष्मा लागतो, तेही एकदा सांग. फोनवर मला मोकळं बोलता येत नाही. हॉस्पिटलच्या या क्वार्टर्सच्या भिंती अशा, की मी शिंकले तर शेजारीण औषध सांगते.

आईचा गुडघा तसाच. डॉक्टरांनी जिना उतरू नका म्हणून बजावलंय, म्हणून ती दिवसातून चारदा उतरते. आमचे हे मात्र खुशीत आहेत. बॉयलरवर मुख्य म्हणून यांचं नाव पुढे गेलंय. धुलाईखान्याच्या सुपरवायझर साहेबांनीच शिफारस केली. तू इथे होतीस तेव्हाचेच साहेब. केस पांढरे झाले, पण चालणं तेच, आवाज न करता मागे येऊन उभं राहणारं.

माझ्या रफूच्या खोलीत फाटक्या चादरींना तोटा नाही. घडी विभागात एक नवी मुलगी आलीय, तेवीस-चोवीस वर्षांची. इतक्या झपाट्याने घड्या घालते, की आम्ही तिचं नावच घडीवाली ठेवलं. आली तेव्हा सारखी हसायची. गेला महिनाभर हसत नाही, जेवायला आमच्यात बसत नाही. तिला तळघरातल्या साठ्याच्या खोलीत मोजणीला बसवलंय, एकटीला. बायका म्हणतात, पोरीने साहेबांना बरोबर खिशात घातलं, पंख्याखालचं काम पटकावलं. मीही त्यांच्याबरोबर हसले. पण परवा जिन्यात समोर आली, तर भिंतीला चिकटून उभी राहिली आणि मला आधी जाऊ दिलं. मला बघून कुणी दचकावं एवढी मी अजून म्हातारी झालेली नाही गं.

तुझा लोभ शिल्लक आहे असं धरून चालते. पत्र पाठवून खात्री करून दे.

तुझी,
चिऊ


११ जानेवारी

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच. वाचून फाडू नकोस.

आधी काही विचारते. साठ्याच्या खोलीच्या दाराला अजून आतून कडी आहे का? त्या मुलीला सुट्टीच्या दिवशीही मोजणीला बोलावतात का? तिला अजून कायम केलेलं नाही ना? या तिन्हींची उत्तरं मला ठाऊक आहेत असं वाटतंय, आणि ती चुकीची निघाली तर बरं होईल.

पंख्याखालचं काम मलाही मिळालं होतं, चिऊ. तेव्हाही बायका हसल्या होत्या.

मी तेवीस वर्षांची होते. कायम करण्याच्या कागदावर त्या साहेबाची सही हवी होती. एकदा दुपारी त्याने मोजणीसाठी खाली बोलावलं आणि आतून कडी लावली. मी नाही म्हणाले. पुन्हा लिहिते, मी नाही म्हणाले होते. हे स्वतःला पटवायला मला बारा वर्षं लागली. ते आठ महिने चाललं. पुढे पुढे नाही म्हणणंही सुटलं, कारण तो म्हणायचा, की बाहेर बोललीस तर कायम करायच्या यादीतून तुझं नाव जाईल आणि तुझ्या धाकट्या बहिणीलाही या आवारात कुणी उभं करणार नाही. यादीत माझं नाव कधीच नव्हतं, हे मागाहून कळलं.

त्या खोलीतला धुतलेल्या कापडाचा वास मला अजून सोसत नाही. इथे दुकानात भिंग पुसायला धुतलेलं फडकं देतात, ते मी आधी खिडकीत वाळत टाकते. मालक मला चक्रम समजतात. समजू देत.

तुला हे सांगितलं नाही, कारण तू तिथेच नोकरीला लागलीस, तिथल्याच माणसाशी लग्न केलंस, आणि खूश दिसत होतीस. चूक झाली का, मला कळत नाही. पण ती मुलगी भिंतीला का चिकटली, हे मला कळतं. तिच्याशी बोल. माझा पत्ता दे.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचलं आणि मग त्या कडीकडेच बघत बसले.

मी तुझ्यावर रागावलेय. नाही, तुझ्यावर नाही. पण दुसरं कुणी हाताशी नाही, म्हणून तुझ्यावर. बारा वर्षं मी त्या माणसाला रोज नमस्कार करतेय. माझ्या लग्नात त्याने आईशेजारी बसून फोटो काढून घेतलाय.

पण ताई, जरा आमचाही विचार कर. घर हॉस्पिटलचं, माझी नोकरी हॉस्पिटलची, यांचीही. उद्या त्याने मनात आणलं, तर आईचा गुडघा घेऊन आम्ही रस्त्यावर. तू लांब आहेस, तुला लिहिणं सोपं. हे वाक्य खोडणार होते, पण तूच सांगितलंस ना, की काही फाडायचं नाही.

काल दुपारी रफूच्या चादरी द्यायचं निमित्त काढून खाली गेले. दार आतून बंद होतं. हात वर केला. ठोठावलं नाही. चादरींचा गठ्ठा उंबऱ्याशी ठेवला आणि वर पळाले. मशीनवर बसले, तर सुईत दोरा ओवता येईना. बाजूच्या बाईने विचारलं, की चष्मा लागला का. मी म्हटलं, हो.

तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आहेत.

तुझी,
चिऊ


२५ जानेवारी

चि. चिऊस,
अ. आ.

पळालीस म्हणून मी तुला बोलणार नाही. तू दारापर्यंत गेलीस. माझ्या वेळी तेवढंही कुणी आलं नव्हतं.

लिहिणं सोपं, असं म्हणालीस. पहिलं पत्र मी सहा वेळा लिहिलं. पण तुझं बाकीचं म्हणणं खरं आहे, धोका तुमच्या डोक्यावर आहे. म्हणून नीट ऐक. आमच्याकडे चष्मा करायला एक वकीलबाई येतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, की माझी तक्रार जुनी असल्यामुळे वाट लांबची आहे, पण त्या मुलीने तोंड उघडलं तर माझी साक्ष तिच्या पाठीशी उभी राहील. हॉस्पिटलची तक्रार समिती आहे, तिला ऐकून घ्यावंच लागतं. मी माझ्या नावाने, माझ्या सहीने अर्ज लिहितेय. त्यात तुझा उल्लेख कुठेही नाही. मात्र बहीण कुणाची हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हे लपणार नाही. तुझ्या यांना आजच सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.

आणि एक कर. पुढच्या वेळी ठोठाव. तो काय करेल, याचा विचार करू नकोस. दार उघडेपर्यंत ठोठावत राहा. आत असताना मी आठ महिने तेवढ्याच एका आवाजाची वाट बघत होते.

लोभाची गरज यापुढे मला जास्त आहे.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

ठोठावलं.

परवा दुपारी अडीचला. कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन गेले होते, तिनेच दार बडवलं. ओरडून सांगितलं, की शस्त्रक्रिया विभागाला चादरी कमी पडल्यात, वरून माणूस आलाय. साफ खोटं. आतून काही हालचाल नाही. पुन्हा बडवलं. पट्टी मोडली, ताई. मग कडी निघाली.

तो हसतच बाहेर आला. एवढी घाई कसली, असं म्हणाला. मग जाता जाता थांबला आणि अगदी मायेने विचारलं, की तुझी थोरली बहीण कशी आहे, पत्रं येतात का. तोंडातून निघून गेलं, की येतात, आणि मोठी मोठी येतात. त्याचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले.

घडीवालीला हाताला धरून रफूच्या खोलीत आणलं आणि बाजूच्या मशीनवर बसवलं. ती दोरा न घालताच मशीन चालवत राहिली, चांगला अर्धा तास. मी माझी चादर रफू करत राहिले. मग तिने विचारलं, की तुम्हाला कसं कळलं. मी म्हटलं, माझी बहीण तिथे बसायची. तेव्हा रडली. तुझा पत्ता तिने हातावर लिहून घेतला. कागद सापडेल, अशी भीती वाटते म्हणाली.

यांना सांगितलं. आधी माझ्यावरच खेकसले, की आत्ताच हे उकरायचं होतं का, बढतीचा कागद टेबलावर असताना. मग म्हणाले, तेव्हा एकदा तुझी ताई बॉयलरच्या मागे रडताना दिसली होती. डोळ्यांत साबण गेलाय असं ती म्हणाली, आणि मी पाणी आणून दिलं. पाणी आणून दिलं आणि कामाला लागलो, हे ते दोनदा म्हणाले.

आज सकाळी ते हत्यारांची पेटी घेऊन खाली गेले आणि साठ्याच्या खोलीची कडी उखडून आणली. साहेबांनी जाब विचारला, तर सांगितलं, की बॉयलरच्या दाराला कडी नव्हती, कामाला लागली. बढती गेली असं समज.

आईला मी काही बोलले नाही. पण तिने विचारलं, की ताईबद्दल आहे ना. तिला कसं कळलं, हे मला समजत नाही.

तुझी,
चिऊ


९ फेब्रुवारी

माझ्या थोरलीस,
आईचे आशीर्वाद, घेशील तर.

चिऊला लिहायला सांगितलं असतं, पण हे माझं मलाच लिहायला हवं. अक्षर लावून घे.

मला माहीत होतं. सगळं नाही, पण पुरेसं. तू आंघोळीला तासभर लावायचीस. एकदा तुझी बाही फाटलेली होती आणि तू म्हणालीस, यंत्रात अडकली. मीही धुलाईत राबलेय, यंत्रात अडकलेलं कापड आयुष्यभर पाहिलंय. मग एका सकाळी तो फळांची पिशवी घेऊन दारात आला. म्हणाला, तुमची मुलगी हुशार आहे, पण तोंडाची सैल आहे, सांभाळा. मी पिशवी घेतली. त्याला खुर्ची दिली.

पुढच्याच आठवड्यात तुला चष्म्याच्या दुकानात धाडलं. लोकांना सांगितलं, चांगली नोकरी लागली. तू जाताना काही बोलायला तोंड उघडलंस, तेव्हा मीच म्हणाले, की आता जुनं काढू नकोस. तुला वाचवलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मी त्यालाही वाचवलं, हे चिऊकडून या दुसऱ्या मुलीचं कळल्यावर समजलं.

समितीपुढे मी येणार. तो घरी आला होता आणि काय बोलला, हे मी सांगणार. गुडघ्याचं कारण कुणी पुढे करू नये.

आई


१७ फेब्रुवारी

ति. आईस,
सा. न.

तुझं पत्र चार दिवस उघडं ठेवून कामाला जात होते.

तुला माफ केलं असं लिहिलं, तर ते खोटं होईल. मला आत्ता तुझा फार राग येतोय, आणि तू यावंस असंही वाटतंय. दोन्ही तसंच ठेवते. समितीची तारीख २ मार्च, सकाळी दहा. मी आदल्या दिवशी संध्याकाळी पोचेन. चिऊकडेच उतरेन. माझं अंथरूण तुझ्या खोलीत नको.

सकाळी मात्र आपण बरोबर जाऊ. जिन्यावर माझा हात धर.

तुझी,
थोरली


५ मार्च

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

मी घडीवाली. चिऊताईंनी सांगितलं, की तुम्हाला त्याच दिवशी गाडी पकडावी लागली, म्हणून तुम्ही गेल्यावर जे झालं ते मी लिहावं. जे तुमच्यासमोर झालं, तेही लिहिते. मला ते एकदा कागदावर बघायचंय.

तुम्ही उभ्या राहिलात आणि आधी स्वतःचं नाव सांगितलंत, पूर्ण. मी समोर बसून माझ्या बोटांच्या घड्या घालत होते. तुम्ही बोलता बोलता एकदाच थांबलात, पाणी प्यायलात, पुन्हा तिथूनच सुरू केलंत. आजी बोलल्या, फळांची पिशवी घेतली म्हणाल्या, तेव्हा साहेब हसले होते. मग त्यांनी एक जुना कागद काढला. त्यात तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, की मी स्वतःच्या मर्जीने येते, मला कुणाची जबरदस्ती नाही. समितीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, की हे अक्षर तुमचंच का. तुम्ही म्हणालात, अक्षर माझं, वाक्यं त्यांची, दाराला पाठ लावून सांगितलेली. आणि तो कागद तुम्हीच मोठ्याने वाचलात.

ताई, मला त्या क्षणापर्यंत बोलायचं नव्हतं. अर्जावर सही केली होती, पण मनात होतं, की विचारलं तर मान खाली घालू. तुम्ही वाचायला लागलात आणि पुढची ओळ मला आधीच पाठ होती. त्यांनी माझ्याकडूनही तेच लिहून घेतलं होतं, शब्दाला शब्द. मी उठले आणि तुमच्याबरोबर म्हणू लागले. तुम्ही वाचायचं थांबलात, शेवटच्या दोन ओळी मी एकटीनेच म्हटल्या, कागद न बघता. डॉक्टरबाईंनी साहेबांना विचारलं, की हिचा कागद कुठे आहे. त्यांच्या कपाटात सापडला.

तुम्ही गेल्यावर समितीने त्यांना आवारात यायला बंदी केली. वकीलबाईंबरोबर जाऊन मी पोलिसांत तक्रार दिली. चिऊताई तीन तास माझ्याबरोबर बाकावर होत्या. खटला लांबेल, असं सगळेच सांगतात. घडी विभागात दोघीजणी माझ्याशी बोलत नाहीत. बाकीच्या जेवायला बोलावतात, मी जाते. अजून हसायला जमत नाही, पण परवा चिऊताईंनी साहेबांसारखं चालून दाखवलं, तेव्हा थोडं आलं.

समितीने नोटीस लावली होती, की आणखी कुणाला सांगायचं असेल तर यावं. काल इस्त्री विभागातल्या एक बाई आल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झालीत त्यांना, काठी टेकत आल्या. सरळ टेबलाशी गेल्या. लेखनिकाने तक्रारदारांच्या यादीत सगळ्यात खाली, माझ्या नावाखाली, त्यांचं नाव लिहायला घेतलं, तर त्यांनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, खाली नको. सगळ्यात वर लिही. मी या दोघींच्याही आधीची आहे.

त्याने नवा कागद घेतला. मी त्यांना खुर्ची दिली आणि त्यांचं सांगून होईपर्यंत बाजूला उभी राहिले.

तुमच्या लोभात मलाही धरा.

तुमची,
घडीवाली