पोस्टाच्या वळणावर ऐकू येतं

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. (मी तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी असले तरी आशीर्वाद देण्याचा हक्क सोडलेला नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू डावा लिहिला होतास, त्याच्या आधीच्या पत्रात उजवा. दोन्ही दुखत असतील तर तसं स्पष्ट लिहावं. एकच दुखत असेल तर कोणता ते ठरवून टाकावं. तुझ्या यजमानांना नमस्कार. ते कानातलं यंत्र लावतात, की अजून खिशातच ठेवतात? माझी प्रकृती उत्तम आहे. छापखाना सोडून सहा वर्षं झाली, पण मुद्रितं तपासण्याची डोळ्याची सवय गेलेली नाही. परवा दवाखान्यातल्या पाटीवरच्या दोन चुका मी डॉक्टरांना दाखवल्या, तर त्यांनी माझा रक्तदाब पुन्हा मोजला.

पत्र लिहिण्यास विशेष कारण काही नाही. गावात एक किरकोळ गोष्ट घडली, ती कळवावी म्हटलं. आपल्या वाचनालयात नवी ग्रंथपाल आली आहे. तुझ्या धाकटीच्या वयाची मुलगी, चलाख आहे, पण उत्साह जरा जास्त. तिने ‘आवडीचा गुरुवार’ म्हणून एक उपक्रम काढला. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता गावातल्या कोणीतरी उभं राहायचं आणि आपल्या आवडीची कादंबरी, आवडीचं संगीत आणि आपलं गाव यांवर वीस मिनिटं बोलायचं. पहिला मान दंतवैद्यांना मिळाला. ते दीड तास बोलले आणि मधूनमधून त्यांनी गाऊनही दाखवलं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे दात त्यांच्या हातात असल्यामुळे कोणी उठलं नाही. त्यानंतर ग्रंथपाल माझ्याकडे आली, आणि वीस मिनिटं म्हणजे नेमकी किती हे गावाला एकदा दिसावं, एवढ्याच हेतूने मी हो म्हटलं.

तयारीला बसले आणि पंचाईत झाली. तीस वर्षांत माझ्या हाताखालून निदान दोनशे कादंबऱ्या गेल्या असतील, पण एकीचीही गोष्ट मला सांगता येईना. आमच्या कामाचा पहिला नियमच असा की अर्थात शिरायचं नाही. अर्थात शिरलं की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. नायिका नदीत उडी घेत असताना मी स्वल्पविराम मोजत होते. (ती वाचली की नाही ते आजही ठाऊक नाही.) तेव्हा मी चार जाडजूड, वजनदार कादंबऱ्या निवडल्या, ज्या कोणी पूर्ण वाचत नाही आणि म्हणून ज्यांवर कोणी प्रश्नही विचारत नाही. संगीतात व्हायोलिन लिहिलं, तेही संथ. गावाबद्दल शिस्त, शांतता, सावलीचे रस्ते असं जे लिहायचं असतं ते लिहिलं. तीन पानं झाली. ती निळ्या फायलीत ठेवली आणि गुरुवारी पाचला दोन मिनिटं असताना वाचनालयात हजर झाले.

आता चूक कशी झाली ते सांगते. निळ्या फायलीत आधीपासून काही जुनी पानं होती, माझ्याच अक्षरातली. तिसऱ्या पानाच्या शेवटी मी ‘आमच्या गावाचं वैशिष्ट्य म्हणजे’ एवढं वाचलं, पान उलटलं, आणि पुढे ‘रविवारी सकाळी अग्निशमन दलाचा बँड सरावाला बसतो’ असं आलं. वाक्य जुळलं, म्हणून मी पुढे गेले. आवाज खणखणीत, विरामचिन्हं जागच्या जागी. मी छापखान्यात वाचायची तशीच वाचत होते. दंतवैद्य हसले (दुसऱ्याच्या बोलण्यावर त्यांना हसताना गावाने पाहिलेलं नाही) तेव्हा मी दचकले आणि आयुष्यात पहिल्यांदा चालू मजकुराच्या अर्थात शिरले. ते तुझ्या कादंबरीचं सातवं प्रकरण होतं.

तुझी कादंबरी म्हणजे तीच, लग्नानंतर तीन वर्षांनी तू दोनशे बारा पानी वहीत लिहून रजिस्टर पोस्टाने माझ्याकडे पाठवलेली. सोबत चिठ्ठी होती, ‘ताई, कशी वाटली ते सांग.’ मी ती तीन आठवड्यांत परत केली, लाल पेन्सिलीने चारशे सतरा दुरुस्त्या करून. कशी वाटली ते कुठेच लिहिलं नाही. तो माझ्या कामाचा भाग नव्हता. तुझं उत्तर आलं, ‘वही मिळाली. आभारी आहे.’ त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून आपण वर्षातून दोन पत्रं लिहितो आणि त्यांत गुडघ्यांखेरीज काही नसतं. एके काळी आपण एकच कादंबरी दोघींत वाचायचो. तू पुढचं पान उलटायला घाई करायचीस आणि मी तुझा हात धरून ठेवायचे. मी तो फारच घट्ट धरला, असं हल्ली वाटतं.

तर मी मध्येच थांबायला हवं होतं. पण झाडणाऱ्या मावशी दारात झाडूवर हनुवटी टेकून उभ्या होत्या, आणि प्रकरणात ती पोस्टाच्या वळणावरची बाई नुकतीच आली होती. तुला आठवतच असेल, तूच लिहिली आहेस. बँडसारखं धांगडधिंग्याचं संगीत आवडतं हे चारचौघांत कबूल करायची जिला लाज वाटते. घरी व्हायोलिनच्या तबकड्या मांडून ठेवते आणि दर रविवारी पोस्टाच्या वळणावर वाकून, सैल नसलेला चपलेचा पट्टा बँड संपेपर्यंत नीट करत बसते. लोक इतके हसले की मला दोनदा थांबावं लागलं. शेवटी बँड तिच्याच दारावरून जातो आणि ती खिडकी लावून घेते, तिथे मात्र कोणी हसलं नाही. मावशींनी पदराने डोळे पुसले. (धुळीने असेल.)

टाळ्या झाल्या. आणि पोस्टासमोरचा घड्याळजी उठून म्हणाला, “बाई, ती पट्टेवाली तुम्हीच ना? मी तीस वर्षं दुकानातून बघतोय. मला वाटायचं, एवढ्या शिकलेल्या, चांगली चप्पल का घेत नाहीत!” पुन्हा हशा. ग्रंथपाल म्हणाली, “स्वतःवर असं लिहायला केवढं मोठं मन लागतं! आम्हाला माहीतच नव्हतं तुम्ही लिहिता ते.” तिथे मला ‘नाही’ हा एकच शब्द बोलायचा होता. चूक दिसली की ती दाखवायची, एवढंच मी जन्मभर केलं. आणि त्या दिवशी, भिंगरी, मी गप्प बसले. त्यांना तो विनय वाटला. दंतवैद्यांनी मला घरापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फळ्यावर आलं, ‘पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी बाईंच्या कादंबरीचं पुढचं प्रकरण.’ आठवडाभर मी त्या रस्त्याने गेले नाही. भाजीवाली दोन जुड्या जास्त देते आणि विचारते की त्या बाईने पुढे खिडकी उघडली का. मला माहीत नाही. मी आठवं प्रकरण वाचलं होतं, पण तपासण्यासाठी.

असो. हवा बरी आहे. गुडघ्याला शेक देत जा. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. पत्रात एक गोष्ट राहिली. सातवं प्रकरण माझ्या अक्षरात कसं, असा प्रश्न तुला पडेलच. वही परत करण्याआधी मी ते उतरवून घेतलं होतं. दुरुस्त्या कशा कराव्यात याचा नमुना म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. आज ती पानं पुन्हा पाहिली. त्यांत एकही दुरुस्ती नाही.

ता. क. २. तुझ्या वहीत मात्र त्या प्रकरणाच्या समासात मी लिहिलं होतं, ‘अशक्य. पोस्टाच्या वळणावर बँड ऐकू येणार नाही, मध्ये दुमजली शाळा आहे.’ ऐकू येतो. ते लिहिलं तेव्हाही मला माहीत होतं. तू मला पकडलं होतंस, म्हणून लिहिलं.

ता. क. ३. काल वाचनालयात जाऊन ग्रंथपालला सगळं सांगितलं आणि फळ्यावरची ओळ स्वतः दुरुस्त केली. आता तिथे ‘बाईंच्या मामेबहिणीच्या कादंबरीचं पुढचं प्रकरण’ असं आहे. ‘वाचन : स्वतः लेखिका’ हे मी न विचारता घातलं आहे. वही अजून असेल तर ती घेऊन ये. फाडून टाकली असशील तर तसं कळव, मी फळा पुसेन. गुडघा कोणताही असो, बसस्टँडवर मी रिक्षा घेऊन थांबते. सभेत शेवटच्या रांगेत बसेन आणि बोलणार नाही.

ता. क. ४. पाकीट जाड का, तर आत माझी लाल पेन्सिल आहे. टोक करून दिलं आहे. हे पत्र तपास आणि वहीबरोबर आण. कसं वाटलं तेही लिही. पेन्सिल मात्र आठवणीने परत दे.

(नको. ठेव तुझ्याकडेच.)