विदाईची धून

रविवार, संध्याकाळ. वाशीम.

आजोबांच्या लोखंडी पेटीत एका जुन्या अमेरिकन गाण्याचा छापील कागद सापडला. माही पोरगी शबाना कीबोर्ड शिकून राह्यली. तिनं त्यावरचे सूर पाहून वाजवलं, न् मी चमकलोच. आजोबांनी काढलेला आमचा बँड तीन पिढ्यांपासून नवरीच्या विदाईले हेच वाजवते! फक्त लय संथ.

शबाना शब्द वाचून हसली. "अब्बा, हे तर गमतीचं गाणं आहे. बायको टोपी हरवली म्हणून नवऱ्याले रागावते."

मग आजोबांनी ते संथ काहून केलं? इंग्रजी समजलं नाही, की समजूनच केलं?

"संथ वाजव बरं," मी म्हटलं. ती अर्ध्यातच थांबली.

"पुढल्या महिन्यात माह्या विदाईले जल्द लयीतच वाजवजा, अब्बा."

हो म्हटलं खरं. जमन का?