आधी पट्टी, मग रडणं

देवाची कृपा असो

तिरुवल्ला,
९ फेब्रुवारी १९७९

प्रिय थोरल्या भावास, इच्चायन यास, शोशाम्माचा स. न. वि. वि.

साहेबाने सुट्टी नाकारल्याची तुझी उलट तार मिळाली. परक्या मुलखातली नोकरी, त्यात तुझा काय दोष? आईचं मन आहे, अम्मच्चीलाही मी हेच समजावलं. अप्पच्चनांना रविवारी दुपारी पुरलं. शनिवारी सकाळी नेहमीसारखा स्टुडिओ उघडला, पडदा झटकला, खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्याच गेले. त्रास काही झाला नाही.

गावातल्या निम्म्या घरांचे शवपेटीमागचे फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे निम्मं गाव लोटलं होतं. पलीकडच्या स्टुडिओचा मात्तन आपला कॅमेरा घेऊन आला होता. म्हणाला, पोरी, आजच्या दिवस तू नुसती मुलगी हो, फोटोचं मी बघतो. मी ऐकलं नाही. अप्पच्चनांचा शेवटचा फोटो दुसऱ्याच्या हातचा का म्हणून? त्यांच्याच त्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने काढला. चर्चच्या आवारात पेटीमागे सगळे उभे केले आणि अम्मच्चीच्या उजव्या हाताला तुझी जागा मोकळी सोडली. गल्फमधल्या मुलांसाठी ते सोडायचे ना, तशीच. तुझा एक उभा फोटो पाठव, कापून चिकटवते.

रीळ अजून धुतलेलं नाही. औषधं संपली आहेत, कोट्टयमहून आली की धुते. चाळिसाव्याला तो फोटो भिंतीवर हवा, असं अम्मच्चीने बजावलं आहे. जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे टिपले, पण स्वतःचा कधी काढू दिला नाही त्यांनी. लग्नातला एक आहे, त्यात तर ते ओळखूही येत नाहीत.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
शोशाम्मा

•

कुवेत,
१८ फेब्रुवारी १९७९

चि. शोशाम्मा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि डबा तसाच परत नेला. माझ्यासाठी जागा सोडलीस, हे चार वेळा वाचलं. सोबत माझा फोटो आहे. कोट खोलीतल्या पोथनचा, बाह्या आखूड आहेत, कापताना तेवढं सांभाळून घे. मागचं खजुराचं झाडही जमलं तर काप.

रीळ भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवलं आहेस ना? ओल लागली तर मागच्या कागदावरचे आकडे फोटोत उतरतात, हे तुला मी सांगायला नको. कुंबनाडच्या त्या नवरीच्या गालावर सातचा आकडा उमटला होता. तिची सासू अर्धी आळी घेऊन भांडायला आली, आणि अप्पच्चनांनी शांतपणे सांगितलं होतं की सात हा बायबलात शुभ आकडा आहे.

तू बारा वर्षांची असताना भरलेलं रीळ तुझ्या हातून उन्हात सुटलं होतं, तेही आठवलं. तू भोकाड पसरलंस. ते ओरडले नाहीत. म्हणाले, या रिळाला डबी नाही, नुसता कागदाचा आडोसा. तेव्हा सावलीला जा, बोटांनी घट्ट धर, आधी गोंदाची पट्टी चिकटव, मग काय रडायचं ते रड. पुढे पाहुण्यांसमोर तुला चिडवायला मला ते वाक्य फार उपयोगी पडलं.

मी निघालो त्या दिवशी ते अंधारखोलीतून बाहेर आलेच नाहीत, हे तुला माहीत आहे. स्टुडिओ सोडून जातो म्हणून राग होता. त्याला पाच वर्षं झाली. बाकीचा फोटो कसाही येऊ दे शोशा, मला त्यांचा चेहरा बघायचा आहे.

अम्मच्चीला नमस्कार. तुम्हा दोघींच्या प्रकृतीला देव जपो.

तुझा इच्चायन,
कोशी

•

तिरुवल्ला,
२६ फेब्रुवारी १९७९

प्रिय इच्चायन यास स. न. वि. वि.

वाईट बातमी आहे. रीळ धुतलं, पण ते खराब निघालं. पेटीमागचे तिन्ही फोटो डाव्या कडेने पांढुरके झाले आहेत, आणि अप्पच्चनांचं डोकं नेमकं त्याच बाजूला होतं. चेहरा मुळीच दिसत नाही.

तू पोथनच्या भावाबरोबर पाठवलेल्या डझनातलंच ते रीळ. वाटेत कुठेतरी उन्हात तापलं असणार. माझ्या हातात काही नव्हतं. अम्मच्चीला अजून सांगितलेलं नाही, ती रोज विचारते.

जास्त काय लिहू. राग मानू नकोस.

शोशाम्मा

•

कुवेत,
७ मार्च १९७९

चि. शोशाम्मा हिस आशीर्वाद.

राग कसला मानू? चूक माझीच आहे. रिळांचा तो डबा पोथनच्या भावाच्या गाडीत दोन दिवस पडून होता, हे मला माहीत होतं. इथल्या गाडीत दोन दिवस म्हणजे काय, हेही माहीत होतं. चालेल म्हटलं. अप्पच्चनांच्या हाताखाली वाढलेला मी, ‘चालेल’ म्हटलं.

आता आणखी एक सांगतो, ते अम्मच्चीला वाचून दाखवू नकोस. साहेबाने सुट्टी नाकारली नव्हती. मी मागितलीच नाही. तार खिशात घेऊन त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. जिवंतपणी ज्यांना तोंड दाखवलं नाही त्यांच्यासमोर आता कोणत्या तोंडाने जायचं, हा एकच विचार डोक्यात होता. वाटलं, फोटोत बघू. फोटोत बघितलं की ते काही बोलणार नाहीत. म्हणून तुझ्यामागे एवढा तगादा लावला होता.

आता देवाने तेही दिलं नाही. बरोबरच केलं. मी स्वतःहून गेलो नाही, तर चेहरा तरी का मिळावा? माझा तो कोटातला फोटो फाडून टाक. त्या जागेवर उभं राहायची माझी लायकी नाही.

अम्मच्चीला सांभाळ. माझ्यावर लोभ ठेव असं लिहिण्याचं आज धाडस होत नाही.

कोशी

•

तिरुवल्ला,
१५ मार्च १९७९

प्रिय इच्चायन यास शोशाम्माचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं. मी तुझ्याशी खोटं बोलले.

तू पाठवलेलं रीळ उत्तम होतं. उन्हात तापून गेलं असतं तर सगळंच रीळ गेलं असतं. पहिले नऊ फोटो काचेसारखे स्वच्छ आहेत. बँड, छत्र्या, चर्चचे पाद्री अच्चन, पायरीवर बसलेली अम्मच्ची, सगळं आहे. स्टुडिओत वाढलेला तू, बाकीचे फोटो कसे आले हे विचारायला हवं होतंस. विचारलं नाहीस, आणि का ते आता कळलं.

त्या नऊ फोटोंत अप्पच्चनांचा चेहरा नाही, कारण माझ्याच्याने तिकडे कॅमेरा वळवेना. शेवटी घेऊ, शेवटी घेऊ करत तीन फोटो उरले. ते घेतले आणि पेटीचं झाकण लागलं. त्या आवाजाने माझा धीर सुटला. भर उन्हात कॅमेरा उघडला, रीळ हातात घेतलं आणि पट्टी जिभेने ओली करायच्या आधीच रडू फुटलं. बोटं ढिली पडली, रीळ सैल झालं, कडेने ऊन आत शिरलं. सगळ्यांत वरच्या वेढ्यात शेवटचेच फोटो असतात. औषधं कधी संपलीच नव्हती. त्याच रात्री धुऊन मी सगळं बघितलं होतं. त्यांनी जन्मात मला एकच धडा दिला, तो त्यांच्याच पेटीपाशी विसरले, आणि वर दोष तुझ्या माथी मारला. मला माफ कर.

काल चाळिसावं झालं. सकाळी अम्मच्चीला सगळं सांगितलं. तुझंही सांगितलं, नको म्हणाला होतास तरी. या घरात आता आणखी खोटं झाकायला जागा नाही. ती बराच वेळ तो फोटो बघत राहिली. मग म्हणाली, चांगला फोटो काढू दिला नाही तो नाहीच, जाताना तरी खोड कशी जाईल! हसली आणि मग रडली. चेहरा मला पाठ आहे, म्हणाली. पण आपली दोन्ही मुलं या फोटोत नाहीत, हे तिने बोट ठेवून दाखवलं. एक कुवेतला, एक कॅमेऱ्यामागे. तिच्या उजव्या हाताची मोकळी जागा मात्र इतकी स्पष्ट आली आहे की खालचं गवत मोजता येईल.

तो फोटो भिंतीवर लावला आहे, जसा आला तसा. तुझा कोटातला फोटो परत पाठवते आहे. तो मी फाडणार नाही आणि चिकटवणारही नाही. अम्मच्चीचा निरोप असा की सुट्टी माग, आणि या वेळी खरोखर माग.

आलास की आपण तिघं त्याच आवारात उभे राहू. कॅमेऱ्याला दहा सेकंदांची कळ आहे, मी पळत येऊन शेजारी उभी राहीन. रीळ सावलीत तू काढ, माझ्या हातांचा आता भरवसा नाही. तू घट्ट धर, पट्टी मी चिकटवते. मग काय रडायचं ते दोघं मिळून रडू.

वाट बघते आहे.

तुझीच,
शोशाम्मा